मार्लिस ड्रेगरची थोरली

मार्लिस ड्रेगरच्या घरात काही वाया जात नाही, असं आमच्या चर्चमधल्या बायका म्हणायच्या, आणि ते अक्षरशः खरं होतं. बटाट्याच्या साली आधी सूपच्या पाण्यात उकळायच्या आणि मग कोंबड्यांपुढे जायच्या. धुण्याचा साबण ती वड्या किसून, सोडा घालून, बादलीत स्वतः करायची. गहू पोत्यानं यायचा. ओट्यावरची विजेची छोटी चक्की भल्या सकाळी अशी घरघरायची की त्या घरात गजराचं घड्याळ लागत नसे. तिच्या नवऱ्यानं, रॉइसनं, नोव्हेंबरात मारलेलं हरीण फ्रीझरमधून ईस्टरपर्यंत पुरायचं. शिळा मक्याचा ब्रेड दुधात कुस्करून सकाळी पुन्हा पानात यायचा, आणि कोणी तोंड वाकडं केलं तर मार्लिस म्हणायची, "ठीक आहे, नको खाऊस. दुपारी जास्त चवदार लागेल."

आणि दुपारी तोच ब्रेड समोर यायचा.

मी तिच्याकडे बघून हरखून जायचे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली बाई; तीन मुलं, आणि माझ्या फ्रीजमध्ये दर आठवड्याला काहीतरी बुरसटलेलं निघतं. मार्लिसची नऊ. "तुझ्या कचऱ्याच्या डब्यावर माझं एक पोर वाढेल, रोझलिन," ती मला म्हणायची, आणि म्हणताना माझ्या हातातली कोबीची बाहेरची पानं काढून स्वतःच्या पिशवीत टाकायची. तिच्या बोलण्याचा राग येत नसे. ती स्वतःलाही तसंच बोलायची.

आमच्या टेकड्यांत बरीच घरं मुलांना शाळेत घालत नाहीत. मीही घातलेलं नाही. आई शिकवते, आई परीक्षा घेते, आणि शेवटी दाखल्यावर सहीदेखील आईच करते. कायदा आमच्याकडे फक्त तास विचारतो. त्या तासांत काय केलं हे ज्याच्या त्याच्या मनाशी. मंगळवारी मात्र आम्ही चर्चच्या तळघरात जमायचो. ज्या आईला जे येतं ते तिनं सगळ्यांच्या मुलांना शिकवायचं. मी विज्ञान आणि वरचं गणित घ्यायचे. मार्लिस बायकांना काटकसर शिकवायची: दहा माणसांचं जेवण एका कोंबडीत कसं बसवायचं, बरण्यांत टोमॅटो कसे भरायचे. तिच्या वर्गात खुर्च्या कमी पडायच्या. माझ्या वर्गात नाही.

मार्लिसच्या घरची शाळा जोड्यांवर चालायची. प्रत्येक मोठ्याकडे एक धाकटं. त्याला उठवणं, जेवू घालणं, त्याचा धडा घेणं, सगळं त्या मोठ्याचं काम. पुस्तकात कोणी लिहायचं नाही, कारण तेच पुस्तक पुढच्याला लागणार. पानावर प्लास्टिकचा कागद ठेवायचा, मेणाच्या पेन्सिलीनं उत्तर लिहायचं आणि फडक्यानं पुसायचं. एक पुस्तक असं सगळ्या भावंडांच्या हाताखालून जायचं आणि तरी कोरं राहायचं. बाकीच्या आया ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघायच्या.

थोरली तिर्झा. लांब वेणी, लाल झालेले हात, आणि कडेवर कायम कोणीतरी. तिला मी कडेवर मूल नसताना पाहिलं ते बहुतेक फक्त तिनं कळत्या वयात बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी. नववं बाळ घरीच झालं तेव्हा सुईणीच्या हाताखाली तिर्झाच होती. "या पोरीचे हात थरथरत नाहीत," सुईण नंतर चर्चच्या दारात मला म्हणाली. "माझे अजून थरथरतात."

त्या वसंतात एका मंगळवारी वर्ग सुटल्यावर तिर्झा टेबलं पुसत मागे राहिली. तिच्या पायाशी दोन वर्षांचा इझ्रा खडू चघळत बसला होता.

"मिस रोझलिन, नर्स व्हायला किती शिकावं लागतं?"

"दोन वर्षं. शेजारच्या काउंटीत कॉलेज आहे की. का गं?"

"असंच." तिनं आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. "घरी शिकलेल्यांना घेतात?"

"घेतात. आधी एक परीक्षा असते, वाचन आणि गणित. तू सतरा पूर्ण केलीस ना? ऑगस्टमध्ये देता येईल."

"आईला अजून विचारलेलं नाही," ती म्हणाली. "बाबांना विचारलं. ते म्हणाले, आईला विचार."

मी तिला जुनी प्रश्नपत्रिका आणून दिली. ती तिथंच, इझ्राला एका पायानं झुलवत, सोडवायला बसली. अपूर्णांकांत ती माझ्यापेक्षा जलद होती. प्रत्येक पाककृतीची तिप्पट करत वाढलेली मुलगी. पाऊण वाटीची तिप्पट तिला विचार न करता यायची. मग ती थांबली. तिनं पान उलटलं, परत मागे आणलं.

"ही पुढची पानं कशाची आहेत?"

"बीजगणित. समीकरणं."

"हे आमच्याकडे आलं नाही."

"आलं नाही म्हणजे?"

"पुस्तक होतं. ते मेमधल्या पुस्तकांच्या अदलाबदलीत गेलं. त्याच्या बदली अक्षरओळखीचा अख्खा संच मिळाला, धाकट्या नाओमीला लागणार होता तेव्हा." घट्ट झालेल्या बुटांबद्दल बोलावं तसं ती बोलली. तक्रार नव्हती.

"मग गेली चार वर्षं गणितात काय केलंस तू?"

"पाचवीचं," ती म्हणाली. "दर वर्षी एकेकाबरोबर. केझीबरोबर मात्र सोपं गेलं. तिला एकदाच सांगावं लागतं."

त्या संध्याकाळी मी माझ्या मुलीचं, हॅटीचं, बीजगणिताचं पुस्तक उघडून बघितलं. हॅटी तिर्झापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि ते पुस्तक संपवून बसलेली. पण तिला अंडं उकडायला सांगितलं तर पाणी आटेपर्यंत ती पुस्तक वाचत बसते. कोणाचं काय राहून जातं आहे, हे आपल्याला वेळेत कळेल का, ही भीती तेव्हा बसली ती अजून उठलेली नाही.

मार्लिसकडे मी गेले तेव्हा ती मागच्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मला बघताच तिनं दुसरं पातेलं पुढे सरकवलं. तिच्याकडे कोणी रिकाम्या हातानं बसत नसे.

"तिर्झाला पाचवीच्या पुढचं गणित येत नाही, मार्लिस."

"येत कसं नाही? चार पोरांना शिकवलं तिनं."

"पाचवीचंच."

"मग पाचवीचं तिच्याइतकं कोणाला येत असेल?" ती हसली. मग शेंग मोडता मोडता तिचे हात सावकाश झाले. "हे बघ. शिकवणारा दोनदा शिकतो. तिनं पीठ मळलं तो रसायनाचा तास. बाळंतपण बघितलं तो शरीरशास्त्राचा. मी काही खोटे तास लिहिलेले नाहीत."

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणायला आली होतीस." तिनं शेंगांचे देठ वेगळ्या ढिगात ढकलले, ते सशांसाठी. "तुला माहीत आहे मी कुठं वाढले? ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात. आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला. मी आणि टीव्ही. मी टीव्हीशी बोलायचे, रोझलिन. सूपचा डबा उघडून गरम करायचे आणि टीव्हीला विचारायचे, तुला हवंय का? शाळेत जायचे मी, रोज, पिवळ्या बसनं. बीजगणित होतं मला. काय उपयोग झाला? माझ्या टेबलाशी कोणी नव्हतं. म्हणून मी ठरवलं, माझ्या टेबलाशी बसायला जागा उरता कामा नये."

तिच्या टेबलाशी खरंच जागा नव्हती. दोन्ही बाजूंना चर्चमधून काढून टाकलेले बाक लावले होते आणि तरी दोन पोरं स्टुलावर बसायची.

"मी शिकवते तिला," मी म्हटलं. "दर गुरुवारी, माझ्याकडे. ऑगस्टपर्यंत होईल."

"फुकट नको," मार्लिस म्हणाली. "अंडी घेत जा."

अंडी आली, दर गुरुवारी, न चुकता. तिर्झा चुकायची. कधी घरात ताप, कधी स्ट्रॉबेरी उतरलेल्या, कधी व्हॅन रॉइसला हवी. आली की इझ्रा कडेवर, आणि इझ्राला सांभाळायला अकरा वर्षांची बहीण केझाया, म्हणजे केझी, बरोबर. केझी माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर इझ्रापुढे भांडी मांडून बसायची आणि कान आमच्याकडे लावायची. एकदा मी तिर्झाला विचारलं, दोन्ही बाजूंतून सात वजा केले तर उजवीकडे काय उरतं? तिर्झा पेन्सिल चावत होती.

"नऊ," फरशीवरून आवाज आला. "मग तीननं भाग. तीन."

"तुला कोणी विचारलं गं, भोचक?" तिर्झा म्हणाली.

"कोणी नाही. म्हणून तर सांगितलं."

तिर्झा इतकी हसली की इझ्रा घाबरून रडायला लागला. पुढच्या मंगळवारपासून मी केझीला माझ्या वरच्या वर्गात बसवलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत ती एवढीशी. पाय जमिनीला टेकत नसत. मोठी मुलं तिच्याकडून उत्तरं विचारून घ्यायची, आणि ती आधी त्यांना दोन टोमणे मारायची, मग सांगायची.

उन्हाळ्यात मार्लिसला दहाव्याचा सहावा महिना होता. या वेळी तिच्या पायांना सूज होती, आणि सुईणीनं तिला पाय वर करून पडायला सांगितलं. मार्लिस पडून राहणारी बाई नव्हती. ती खुर्चीत बसून, पाय बादलीवर ठेवून, हुकूम सोडू लागली.

परीक्षा ऑगस्टमध्ये होती, ऐन टोमॅटोत. आदल्या दिवशी मी तिर्झाला न्यायची वेळ ठरवायला गेले, तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या, बरण्या, वाफ. माझ्यासमोर तिर्झानं विचारलं, "आई, उद्या मी जाते ना?"

"जा की. मी कधी नाही म्हटलं?" मार्लिस खुर्चीतून म्हणाली. "टोमॅटोचं काय, कुजतील. कोंबड्या खातील. कोंबड्यांनासुद्धा कधीतरी सण पाहिजे."

ती नाही असं कधीच म्हणत नसे. या घरात कोणालाच कधी कशाला नाही म्हटलं गेलं नाही. तिर्झानं रात्री टोपल्या संपवल्या असाव्यात. सकाळी माझ्या गाडीत बसली तेव्हा तिच्या बोटांच्या पेरांना आंबटानं चिरा पडल्या होत्या. वाटभर ती सूत्रं पुटपुटत होती. परत येताना तिनं खिडकीची काच खाली केली आणि चिरा पडलेला हात वाऱ्यात धरला.

ती पास झाली. काठावर, पण पास. मार्लिसला आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. तिनं फ्रीझरमधला चेरीचा शेवटचा गर काढून भट्टीत गोड चेरी-पाय भाजला, आम्हाला सगळ्यांना बोलावलं, आणि रॉइसनं प्रार्थनेत तिर्झाचं नाव दोनदा घेतलं. चेरी-पायचे तुकडे वाटून झाले तेव्हा मार्लिस म्हणाली, "केझी, सोमवारपासून इझ्रा आणि नाओमी तुझे. उठवणं, आंघोळ, धडे. बाळ आलं की नाओमी आपलं आपण बघेल, तू बाळ घे."

"आणि मंगळवारी?" केझीनं विचारलं.

"मंगळवारी मी यांना घेऊन तळघराच्या पायऱ्या चढू-उतरू का? पुढच्या वर्षी बघू."

केझीनं चमचा खाली ठेवला. ती तिर्झाकडे बघत होती, आईकडे नाही.

नंतर भांडी विसळताना मी मार्लिसला म्हटलं, "केझीला मला देशील? मंगळवारी येऊ दे. ती पोर साधी नाही."

"माझं एकही पोर साधं नाही."

"मी इझ्राला सांभाळीन."

"रोज?"

माझ्या डोळ्यांपुढे हॅटीचे धडे आले, धाकट्याचं वाचन अडलेलं आहे ते आलं, धुण्याचा ढीग आला.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"माझ्या पोरांना इतर दिवशीही भूक लागते," मार्लिस म्हणाली. ओरडली नाही. हात पुसून खुर्चीच्या पाठीला टेकली, आणि प्रथमच ती मला थकलेली दिसली. "तुझी तीन आहेत. तू एकेकाला मांडीवर घेऊन शिकवतेस. छान आहे. माझी नऊ आहेत, दहावं येतंय. तू शिकलेली आहेस, तूच सांग, कोणतं परत पाठवू?"

तिर्झा ऑगस्टअखेर गेली. कॉलेजजवळ चर्चच्या ओळखीतल्या एका म्हातारीकडे राहायची, भाड्याऐवजी तिचा स्वयंपाक करायची. मला फोन करायची. पहिल्या फोनवर ती इतकं भराभर बोलली की मला अर्धं कळलंच नाही: सुई टोचायला संत्र्यावर शिकवतात, तिचा हात सगळ्यांत स्थिर म्हणून तिला पुढे बोलावलं, आणि शेजारी बसणाऱ्या मुलीला भात शिजवता येत नाही. "आणि मिस रोझलिन, दार बंद करून झोपता येतं इथं."

प्रत्येक फोनच्या शेवटी ती विचारायची, "केझी मंगळवारी येते का?"

"सध्या नाही," मी सांगायचे.

"बरं," ती म्हणायची, आणि फोन ठेवायची.

ऑक्टोबरात बाळ झालं. तिर्झा शनिवार-रविवारसाठी आली आणि परत गेली नाही.

मला बुधवारी कळलं. मी गेले तर ती टेबलाशी बसून इझ्राला आकडे दाखवत होती, कडेवर नवं बाळ. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला केझी माझ्याकडचं, हॅटीनं वापरलेलं पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती.

"ही काय करतेय इथं?" मी मार्लिसला विचारलं. ती पलंगावर होती, चेहरा पांढरा.

"मी बोलावलेलं नाही तिला," मार्लिस म्हणाली. "शपथेवर. तिलाच विचार."

मी तिर्झाला अंगणात घेऊन गेले. सरळ विचारलं.

"शनिवारी सकाळी मी जिन्यात होते," ती म्हणाली. "खाली केझी नाओमीला शिकवत होती. पाचवीचं. तेच पान, तोच प्लास्टिकचा कागद. 'नीट बघ, शहाणे, घाई काय आहे.' मला वाटलं, मीच खाली बसलेय. आवाजसुद्धा माझाच. मला ते पान पाठ आहे, मिस रोझलिन. मला माहीत आहे त्याच्यानंतर काय येतं. काहीच येत नाही. परत तेच पान येतं."

"तुझी दोन वर्षंच होती गं. केझी थांबली असती."

"मी थांबले होते," ती म्हणाली.

दारात केझी उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. "मी सांगितलं नव्हतं तुला यायला," ती म्हणाली. "मला चाललं असतं."

"चाललं असतं, म्हणून तर आले."

"मला तुझे उपकार-बिपकार नकोत."

"उपकार कसला, मूर्ख. बाळाचे लंगोट वाळत घाल जा."

केझी गेली, पण दार आपटून.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये बायकांनी मार्लिसला घेरलं. तिर्झानं कॉलेज सोडून घर निवडलं, ही बातमी तोवर अशा रूपात पोचली होती. अशी मुलगी कशी घडवलीस, हे सांगायला तिला वसंतातल्या मातांच्या मेळाव्यात बोलावलं. एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या हॅटीला बसव हं पुढच्या रांगेत." मार्लिस खाली बघत बाळाचं पांघरूण सारखं करत होती. तिनं बोलावणं नाकारलं नाही. तेवढ्यात तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलते का, ते बघत असावी. मी बोलले नाही. घरी माझं एक मूल आठ वर्षांचं होऊन अजून अडखळत वाचतं, आणि मी कोणाला दोष द्यायला निघाले होते.

आता केझी दर मंगळवारी येते. वर्षभराचं तिनं हिवाळ्यात संपवलं. मोठ्या मुलांना आता ती टोमणे मारत नाही, उत्तर सांगते आणि पुढे जाते. माझ्याशी फार बोलत नाही. तिला सोडायला आणि न्यायला तिर्झा येते. धाकटी पोरं घेऊन तळघरात उतरणं जमत नाही, म्हणून ती बाहेर व्हॅनमध्येच थांबते.

परवा मी तिच्या खिडकीशी गेले. आत दोघं रडत होती, एक झोपलं होतं, आणि ती मागे हात करून कोणाचं तरी नाक पुसत होती.

"कॉलेजवाले ऑगस्टमध्ये परत घेतात," मी म्हटलं. "मी विचारलंय. परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही."

"आलं पाकीट त्यांचं." तिनं रुमाल घडी करून कोरडी बाजू वर आणली. "आज केझीला काय शिकवलंत?"

"वर्गसमीकरणं."

"आली तिला?"

"लगेच."

तिनं रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाली, "माझा तुमच्यावर राग नाही, पण एक सांगू का मिस रोझलिन? तुम्ही मला शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. पाचवीच्या पुढची पानं मला आधी नुसती कोरी वाटायची; आता तिथं काय आहे ते माहीत आहे."

तेवढ्यात केझी पायऱ्या चढून आली, मागच्या बाकावर बसली आणि खाली पडलेला इझ्राचा बूट उचलून त्याच्या पायात घातला. तिर्झानं व्हॅन चालू केली. पोरांची जेवायची वेळ झाली होती.